३६ भोकांचा हब, ३२ भोकांची रिंग: नानांच्या पुढच्या चाकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडचं एक गाव. गावाचं आणि माणसांची खरी नावं देत नाही, शेतकऱ्याला नाना म्हणू आणि सायकलवाल्याला मिस्त्री. नाना पासष्टीच्या पुढचे, केळीची बाग घरापासून साडेतीन किलोमीटरवर, घरात मोटारसायकल आहे पण ती कायम पोराकडे, आणि नानांना तशीही सायकलच बरी वाटते. काळी, २८ दीडच्या (२८ बाय दीड इंच) चाकाची, दांडीच्या ब्रेकची, आपल्याकडे एकेकाळी प्रत्येक ओट्याला टेकवलेली असायची तीच.

शेतीची लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हे खान्देशात कुणाला समजावून सांगायला नको. रात्रीची पाळी असली की नाना अकरा-बाराला मोटर चालू करायला निघतात, रस्त्यात रानडुकरं, अधूनमधून बिबट्याची आवई, एका हातात बॅटरी आणि एका हातात हँडल. चार्जिंगची लाइट पोराने आणून दिली होती पण ती चार्ज करायचं नेमकं त्याच दिवशी राहून जायचं. टायरला घासून चालणारा बाटलीसारखा जुना डायनॅमो पण होता, तो कोरड्यात ठीक, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरला बसला की नुसता घसरायचा.

नानांचा पुतण्या जर्मनीत नोकरीला. तिकडे सायकलला लाइट सक्तीची आहे आणि २०१३ पर्यंत तर डायनॅमोच लागायचा, बॅटरीवरची लाइट त्यानंतर मान्य झाली, त्यामुळे तिथल्या जुन्या सायकलींत डायनॅमो हबची (हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा) चाकं भरपूर सापडतात. असंच एक रिंग वाकलेलं चाक त्याला फुकटात मिळालं, त्याने तारा कापून नुसता हब काढला आणि सोबत त्याच जातीची एलईडी लाइट घेऊन सुट्टीत गावी आला. हबमध्येच डायनॅमो, ६ व्होल्ट ३ वॅट, टायरला काही घासत नाही, चिखल असो की पाणी. नाना खूश. तारा अडकवायची भोकं मात्र कुणी मोजली नाहीत.

अडचण

हबला भोकं ३६, नानांच्या पुढच्या रिंगला ३२.

आपल्या काळ्या सायकलींची पद्धत जुनी इंग्रजी आहे, पुढे ३२ तारा आणि मागे ४०. बेरीज ७२. बाकी बऱ्याच ठिकाणी तेच ७२ नंतर सरळ ३६-३६ असे वाटले गेले. मागच्या चाकावर माणसाचं आणि कॅरिअरचं ओझं जास्त म्हणून तिकडे तारा जास्त, हे डोकं खरं तर चांगलंच होतं. पण त्यामुळे ३६ चा हब आपल्या ना पुढच्या रिंगला बसतो ना मागच्या, आणि आजूबाजूच्या दुकानांत २८ दीडची रिंग ३६ भोकांत कुणी ठेवत नाही.

माझ्याकडे हे प्रकरण आलं ते दुसऱ्या टप्प्यात. पहिला टप्पा मिस्त्रींनी परस्पर उरकला होता. त्यांचा विचार असा, की हबला ३६ आहेत ना, मग मागच्या मापाची ४० ची रिंग घ्या, ३६ तारा भरा, ४ भोकं रिकामी राहतील, कुणाला दिसतं. तारा सगळ्या एका मापाच्या, दुकानातल्याच. चाक उभं राहिलं, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढला, नाना घेऊन गेले. तीन आठवड्यांनी पुतण्याच्या सांगण्यावरून मला फोन आला (मी अमळनेरला असतो, चाकं बांधायचा नाद आहे, धंदा नाही). नानांचं एकच वाक्य होतं, "चाक फिरस पण नाचस भो."

जाऊन पाहिलं तर खरंच नाचत होतं. चार जागी रिंग उचलल्यासारखी आणि ब्रेक दाबला की प्रत्येक फेरीला चार धक्के, दण दण दण दण. दोन निप्पल (तार रिंगला आवळून धरणारे छोटे नट) ढिल्या, एक तार तर हाताने वळत होती.

यातली गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. ४० च्या रिंगमध्ये दोन भोकांत ९ अंशांचं अंतर, म्हणजे रिंगवर साधारण ५ सेंटिमीटर. एक भोक सोडलं की तिथे १० सेंटिमीटर रिंग बिनआधाराची. पण त्याहून वाईट म्हणजे तारा एक डावीकडे, एक उजवीकडे अशा येतात, मधली एक डावी सोडली की दोन उजव्या शेजारी शेजारी आल्या आणि त्या जागी रिंग उजवीकडे ओढली जाणार. मिस्त्रींनी आऊट काढला तो आजूबाजूच्या तारा कमी-जास्त ताणून, त्यामुळे काही तारा टणक आणि काही नावालाच, आणि ढिली तार प्रत्येक फेरीत अजून ढिली होते. साध्या ब्रेकच्या सायकलीत हे काही दिवस खपलं असतं कारण तिथे रबर रिंगला बाजूने धरतं. दांडीचा ब्रेक रिंगला आतल्या बाजूने, हबकडून वर ओढून लागतो, त्यामुळे डावं-उजवं थोडं चालतं पण वर-खाली उडी अजिबात चालत नाही. चाकाची चूक नानांच्या मनगटाला रोज कळत होती.

पर्याय

ओट्यावर बसून मी, पुतण्या आणि मिस्त्री (त्यांना मुद्दाम बोलावलं, ते नसते तर पुढे चाकाची देखभाल कोण करणार) असं सगळं बोलून काढलं.

३६ भोकांची दुसरी रिंग टाकावी, हे सगळ्यात सरळ. ७०० च्या मापाची ॲल्युमिनियमची रिंग ३६ मध्ये मिळतेही. पण २८ दीडच्या रिंगवर टायर बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटरचा आणि ७०० चा ६२२, शिवाय त्या रिंगला दांडीच्या ब्रेकचं रबर लागायला आतून खांदाच नसतो. म्हणजे पुढचा ब्रेक बदला, टायर बदला, नानांना विचारलं तर ते नुसते हसले, सायकल माझी राहील का म्हणे.

३२ च्या रिंगला ४ भोकं जास्तीची पाडावी, हे पुतण्याचं. नाही. आहे ती ३२ समान अंतरावर आहेत, त्यात ४ घुसवली की परत तोच आडवातिडवा आधार, वर रिंग कमजोर.

तिसरा पर्याय म्हणजे रिंग ३२ चीच ठेवायची, तारा ३२ च, आणि ४ भोकं सोडायची ती हबची. इथे मिस्त्री म्हणाले, सर, मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय, मी पण चारच सोडली होती. प्रश्न रास्त होता. फरक एवढाच की रिंग पातळ, लवचीक, तिला सगळीकडून सारखा आधार लागतो. हब म्हणजे घट्ट गोळा, त्याला एखादं भोक रिकामं राहिल्याचं काही वाटत नाही. रिंगच्या ३२ च्या ३२ भोकांत तार आली की रिंगचं काम झालं, त्या तारा हबवर कुठून निघतात हा पुढचा प्रश्न.

पण तो पुढचा प्रश्नच किचकट. हबच्या एका बाजूला १८ भोकं, म्हणजे २० अंशांवर एक. रिंगला एका बाजूच्या १६ तारा, म्हणजे साडेबावीस अंशांवर एक. एकासमोर एक येतच नाहीत, तार कधी जास्त तिरपी कधी कमी, आणि तिरपेपणा बदलला की लांबी बदलते. डायनॅमो हबचा फ्लँज (हबच्या दोन्ही बाजूंची भोकांची चकती) मोठा असतो, याच्या भोकांचं वर्तुळ ८० मिलिमीटरचं, त्यामुळे फरक अजून वाढतो. हाच घोळ नानांच्या जुन्या बारक्या हबवर असता तर फरक निम्म्याच्याही खाली आला असता.

काही जोड्या सरळ जमतात. ३६ चा हब आणि २४ ची रिंग असेल तर प्रत्येक तिसरं भोक सोडायचं आणि सगळ्या तारा एका मापात येतात. ४० चा हब आणि ३२ ची रिंग, प्रत्येक पाचवं सोडा, माप एक येत नाही पण ३६-३२ पेक्षा फरक कमी. आपल्या वाट्याला नेमकी आडमुठी जोडी आली होती.

चौथा पर्याय मीच काढला आणि मीच सोडला. तारा एकमेकींवरून न नेता हबपासून सरळ रिंगकडे न्यायच्या, त्यात कोन थोडा चुकला तरी लांबीत अर्ध्या मिलिमीटरचाच फरक पडतो, ३२ तारा एका मापाच्या, काम एका तासाचं. मोह फार होता. पण सरळ तार ॲल्युमिनियमच्या फ्लँजला थेट बाहेर ओढते, भोकाच्या काठाशी धातू कमी असतो, बऱ्याच हब कंपन्या याला नाहीच म्हणतात. फुकटचा असला तरी असा हब फुटला तर चोपड्यात दुसरा कुठून आणणार. हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

मागचं चाक असतं तर तिसरा पर्यायही घेतला नसता, तिथे पायडलचा जोर हबकडून तारांमधून रिंगला जातो, वर केळीच्या घडाचं ओझं. पुढच्या चाकात तसं काही नाही, ब्रेक रिंगवर लागतो, हबवर जोर पडतो तो फक्त डायनॅमोचा, आणि तो इतका कमी की हाताने फिरवल्यावर जरा अडखळल्यासारखं वाटतं तेवढाच.

काय केलं

आधी मोजमाप. रिंगच्या आतला व्यास निप्पलच्या डोक्यापासून डोक्यापर्यंत ६२६ आला, दोन जुन्या तारा निप्पल लावून समोरासमोर धरल्या आणि मधलं अंतर मोजलं, चार जागी मोजून सरासरी घेतली. हबचा मध्य ते फ्लँज २९ मिलिमीटर. मोबाइलवरच्या शीटमध्ये हिशोब मांडला. मला भीती होती की आठ वेगवेगळी मापं निघतील.

निघाली चारच. एका फ्लँजवर समोरासमोरची दोन भोकं सोडायची, मध्ये आठ-आठ तारांचे दोन अर्धे उरतात. तीन-क्रॉस (प्रत्येक तार वाटेत तीन तारा ओलांडते) विणलं की एका अर्ध्यात तारांचा क्रम येतो २९४, ३०४, २९८, ३०१, ३०१, २९८, ३०४, २९४. उलटा वाचा की सुलटा, तोच. कारण पुढे जाणारी तार जितकी जास्त तिरपी होत जाते तितकीच मागे जाणारी कमी तिरपी होते. चार मापं, प्रत्येकी आठ तारा, झाल्या बत्तीस. रात्री साडेअकराला हे जुळलं तेव्हा घरात झोपलेल्यांना उठवून सांगावंसं वाटलं होतं, उठवलं नाही ते बरं.

मग मी एक चूक करता करता वाचलो. डाव्या फ्लँजवर सोडलेली भोकं वर-खाली, तर उजव्यावरची आडवी, काटकोनात ठेवू, म्हणजे चारही रिकाम्या जागा चाकभर वाटल्या जातील, असं मनात पक्कं होतं. दिसायलाही छान. कॅलेंडरच्या मागे पूर्ण मापात काढून पाहिलं तर डाव्या तारा रिंगवर जिथे पोचत होत्या तिथेच उजव्या पोचत होत्या, एका भोकात दोन तारा. भोक बदलून बसवायचं तर अख्खा उजवा फ्लँज सव्वाअकरा अंश पिळल्यासारखा होतो आणि चारही मापं कोलमडतात. शेवटी उजव्यावरची सोडलेली भोकं डाव्याच्या अगदी शेजारची, १० अंशांवरची घेतली, तिथे फक्त सव्वा अंशाचा फरक राहतो आणि तो निप्पलच्या आट्यांत जिरतो. दिसायला रिकामी भोकं एकाच जागी जोडीने दिसतात. दिसू देत.

तारा जळगावला एका जुन्या दुकानात करून घेतल्या, लांब तार कापून हातमशीनवर आटे पाडून देतात. आटे दाबून काढणारं मशीन आहे याची खात्री केली, डायने (आटे कापायच्या हत्याराने) कापलेल्या आट्यांपाशी तार कमजोर होते. ३२ आणि प्रत्येक मापाची एक जास्तीची. माप ओळखायला नानांच्या सुनेची नेलपॉलिश, २९४ कोरी, २९८ ला लाल, ३०१ ला गुलाबी, ३०४ ला दोन लाल पट्ट्या. लाल आणि गुलाबी हे रंग निवडणं हा शुद्ध मूर्खपणा होता, पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारखेच दिसतात, चाक अर्धं झाल्यावर तीन निप्पल जेमतेम पकडत होत्या तेव्हा कळलं. लगेच ठरवायचं होतं की ताणून रेटायचं की उसवायचं. मिस्त्री म्हणाले रेटा, होऊन जाईल. उसवलं. दीड तास गेला.

आऊट काढताना उलट्या क्रमाने गेलो, आधी वर-खाली उडी, मग डावं-उजवं, कारण दांडीचा ब्रेक. ताण आवाजावर बघितला, तार छेडायची आणि ऐकायची. मला शंका होती की वेगळ्या लांबीमुळे आवाजच वेगळे येतील, पण २९४ आणि ३०४ मधला फरक साडेतीन टक्क्यांच्या आत, म्हणजे अर्ध्या सुराइतकाही नाही. नाना भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते खाटेवर बसून "हाई उतरेल से", "आते बरोबर" असं सांगत होते आणि खरं सांगतो, माझ्या कानापेक्षा त्यांचा कान बरा निघाला.

बाकी किरकोळ. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणारा काटा) आत ९२ मिलिमीटर जागा आणि हबला १०० लागते, आट्यांचा रॉड आणि दोन नट लावून चिमटा हळूहळू फाकवला, लोखंडी आहे म्हणून जमतं. चिमट्याच्या टोकाची, हबचा आस बसतो ती खाच कानशीने मिलिमीटरभर मोठी केली. वायरचं टोक उजवीकडे. रिंगच्या आत दोन तारांची टोकं निप्पलच्या वर आली होती ती घासली, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ट्यूब गेली असती.

निकाल

पहिल्या आठवड्यात सात-आठ निप्पलना पाव फेरी द्यावी लागली, ते कुठल्याही नव्या चाकाला लागतं. त्यानंतर पावसाळा अख्खा गेला, ब्रेकला धक्का नाही, लाइट उजेडाला भरपूर. बांधावरून सायकल हातात धरून चालताना लाइट लुकलुकते, तेवढी एक तक्रार आहे आणि ती डायनॅमोची रीतच आहे.

सहाव्या महिन्यात एक तार तुटली, ३०४ ची, हबपाशी कोपरातून. बाहेरून आलेल्या तारांचं कोपर फ्लँजला दाबून बसवायचं असतं, ती एक माझ्याकडून राहिली होती. पण खरा घोटाळा पुढे झाला. जास्तीच्या चार तारा मी नानांच्या घरी दिल्या होत्या आणि त्या कुठे गेल्या ते कुणालाच आठवेना, मिस्त्री गावाला गेलेले, तर नानांनी दुसऱ्याच दुकानातून तार बसवून घेतली. त्या माणसाने नजरेने ३०१ च्या आसपासची घातली, निप्पल चार आट्यांवर लटकली, आठ दिवसांत सुटली. त्याचा काय दोष, चार मापांचं चाक आहे हे त्याला दिसणार कसं.

परत करायचं झालं तर

हब विमानात बसण्याआधी फोनवर भोकं मोजून घेतली असती. हॉलंडकडच्या जुन्या पद्धतीच्या सायकलींना हेच २८ दीडचं माप ३६ भोकांत असतं, पुतण्याला तिकडून रिंगच आणायला सांगितली असती तर हा सगळा उद्योगच नव्हता. किंवा ३२ भोकांचा डायनॅमो हब, तोही मिळतो.

मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवं होतं. मी हिशोब घरी एकट्याने केला आणि त्यांना फक्त विणताना बोलावलं, त्यामुळे क्रम माझ्या डोक्यात राहिला आणि चाक त्यांच्या गावात. आता कागदावर दोन्ही फ्लँजचं चित्र, सोडलेली भोकं आणि आठचा क्रम लिहून प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली बांधलंय. नव्या जास्तीच्या तारा घरी ठेवल्या नाहीत, मिस्त्रींच्या दुकानात खिळ्याला टांगल्यात, सोबत चिठ्ठी, "नानांच्या, दुसऱ्या कुणाला देऊ नये". रंग या वेळी लाल, निळा आणि पांढरा.

नानांना आता मागच्या चाकाला गिअरचा हब हवाय, पुतण्याने फोटो पाठवलाय. भोकं ३६. मी अजून उत्तर दिलेलं नाही.